दर्शन घेतलं, सोडलं

घरात मासे आणायचे नाहीत, ही अट मला ज्या गृहस्थांनी घातली, त्यांच्या अंगात त्या वेळी मासे धरायचं जाकीट होतं. जाकिटाला खिसेच खिसे, खिशाखिशात डब्या, डोक्यावरच्या टोपीला चारी बाजूंनी खोट्या माश्या टोचलेल्या. मागे भिंतीवर त्यांचाच मोठा फोटो होता. दोन्ही हातांत ठिपक्याठिपक्यांचा मासा आणि चेहऱ्यावर पहिला नातू झाल्याचा आनंद. फोटोच्या शेजारी देव्हारा. म्हणजे देवांना रोज उदबत्तीबरोबर माशाचंही तोंड बघावं लागत होतं.

"अंडंसुद्धा नको," काका म्हणाले. "आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार आहे."

मी फोटोकडे बघितलं.

"तो ट्राउट. त्याला खात नाही आपण. भेटतो."

मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे माशाला भेटायची पद्धत वेगळी आहे. पण अमेरिकेत, पार्सिपनीत ऑफिसजवळ तळघरातली खोली, तिला वेगळा दरवाजा आणि वर मराठी बोलणारी माणसं हे सगळं एकत्र मिळणं कठीण होतं, आणि माझा व्हिसा नवाकोरा होता. मी मुकाट्याने मान हलवली.

काका मूळचे साताऱ्याचे, इथे एका औषध कंपनीतून केमिकल इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. मराठी मंडळ सुरू करणाऱ्यांपैकी एक, आणि त्यामुळे मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात 'दोन शब्द' बोलायचा हक्क कायमचा मिळवलेले. वर्षाचे आठ-नऊ महिने ते चारचौघांसारखे असत. बर्फ वितळायला लागलं, कुंपणाकडची पिवळी फुलं दिसायला लागली, की त्यांचं काही खरं नसायचं.

फ्लाय फिशिंग म्हणजे काय, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात जिना अडवून समजावलं. गळाला गांडूळ लावायचं नाही, ते अडाणी लोकांचं काम. पिसं आणि दोरा गुंडाळून गळाचीच माशी करायची. लांब काठीने दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवायची आणि ती माशी पाण्यावर अशी ठेवायची, की ट्राउटला वाटावं खरीच येऊन बसली. त्याने ती गिळली की ओढून जवळ घ्यायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. काका हे सांगताना डोळे अर्धे मिटायचे. मला कळलं ते एवढंच, की माशाला आधी फसवायचं, मग त्याच्या तोंडात गळ रुतवायचा, मग तो दमेपर्यंत त्याला फरफटवायचं आणि शेवटी जीवदान दिल्याचं पुण्य आपल्या खात्यात जमा करायचं. पाण्यात सोडलेल्या प्रत्येक माशाचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडे आणि खाली काकांची ठरलेली ओळ असे: 'दर्शन घेतलं, सोडलं.'

या माश्या ते स्वतः बांधत. देव्हाऱ्याखालचा खण खास त्यासाठी होता. एकदा काकूंनी मला वाती काढायला सांगितल्या आणि मी चुकून तो खण उघडला. आत सशाचे केस, बदकाची पिसं आणि एक अख्खी, वाळवलेली, पिसांसकट सोललेली कोंबड्याची मान. मी किंचाळले. काका धावत आले.

"हात नको लावू, महाग असते ती!"

"काका, ही कोंबड्याची मान आहे."

"उत्तम प्रतीची आहे."

"अंडं नको म्हणालात ना घरात?"

"अंडं खायचं असतं," काका शांतपणे म्हणाले. "ही खायची नाही."

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही हे मला त्याच दिवशी उमगलं. काकूंना ते बरंच आधी उमगलं असावं, कारण त्यांनी स्वयंपाकघरातून मान वर करूनही बघितलं नाही. खरं तर रागवायचा हक्क त्यांचा होता. त्यांच्या पैठणीच्या पदराची जर कमी होत चालली होती. काकांना ऊन पडल्यावर पाण्यात चमकणारी माशी हवी होती आणि बाजारात मिळणारी जर त्यांना पटत नव्हती. 'खऱ्या जरीची बात वेगळी,' असं ते मला खाजगीत म्हणाले होते. लग्नातली पैठणी कपाटात आणि तिचा पदर थोडा थोडा ट्राउटच्या तोंडात, अशी काही वर्षं गेली.

शनिवारची सकाळ बघण्यासारखी असायची. काका अंघोळ करून पूजा करणार, गंध लावणार, मग गॅरेजमध्ये जाऊन छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवणार. पूर्वीचे लोक जानव्याला किल्ली अडकवायचे, तसं काकांच्या जानव्याला दोरा कापायचं नेलकटर असे. नदीत कमरेभर पाण्यात उभे राहिले की लांबून बघणाऱ्याला वाटावं, कोणी म्हातारबुवा अर्घ्य देताहेत. मग ते दोरी मागे झुलवत आणि माशी मागच्या झाडात अडकून बसे. ती काढायला मी. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी चालवायलाही मी. काकू हायवेवर गाडी घालत नसत. त्या काठावर घडीच्या खुर्चीत, मांडीवर शाल आणि शेजारी चहाचा थर्मास घेऊन बसत.

गुढीपाडव्याचा प्रसंग तर मंडळात अजून निघतो. इथे पाडवा जवळच्या शनिवारी, शाळेचा हॉल भाड्याने घेऊन साजरा होतो. काकांना नेहमीप्रमाणे 'दोन शब्द' दिले होते, विषय 'नदीकाठचं अध्यात्म'. बोलता बोलता त्यांनी स्टेजच्या मागून काठीच काढली. "मनगट सैल, मन स्थिर," म्हणाले आणि दोरी मागे झुलवली. मागे गुढी होती. कडुनिंबाऐवजी कोणाच्या तरी अंगणातल्या झुडपाची फांदी बांधलेली, वर रेशमी वस्त्र, त्यावर तांब्याचा गडू. काकांनी दोरी पुढे फेकली तशी गुढीही पुढे आली. गडू उडून श्रीखंडाच्या पातेल्यात पडला आणि पहिल्या रांगेतल्या साड्यांना नववर्षाच्या शुभेच्छा मिळाल्या.

"गळ काढून ठेवायचा होता ना, अहो!" काकू म्हणाल्या.

"काढला असता तर अडकलं कसं असतं?" काका म्हणाले. त्यांना वाटत होतं, प्रात्यक्षिक यशस्वी झालं.

आता काकूंबद्दल.

मी आठवड्यातून एकदा ऑफिस सुटलं की कोरियन सुपरमार्केटमध्ये जायचे. तिथे मासा निवडून दिला की तळून देतात. तो डबा मी पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा खाली करून, कोणाचा तरी खून करत असल्यासारखी संपवायचे आणि च्युइंगगम चघळत घरी यायचे. एका संध्याकाळी जिन्यात काकू भेटल्या. त्या थांबल्या, माझ्या कोटाची बाही धरली, नाकाशी नेली आणि ज्या भाषेत मी त्यांना कधीच बोलताना ऐकलं नव्हतं त्या भाषेत म्हणाल्या, "खयचो मासो?"

माझ्या हातातली पर्सच पडली. काकू मालवणच्या निघाल्या. मुंबईत कॉलेजात काकांशी ओळख, मग प्रेम, मग लग्न. त्या दिवसापासून मासा बंद.

"सासूबाईंनी नाही गं सांगितलं," काकू म्हणाल्या. मालवणी आली तशी गेली होती. "यांनीच सांगितलं. आई आहे तोवर नको, म्हणाले. मग इथे आलो, तर देव बरोबर आणलेत म्हणून नको. मग मुलगा झाला, त्याला सवय लागायला नको. आता काय कारण आहे ते त्यांनाही आठवत नसेल."

"मग चला ना काकू माझ्याबरोबर. गाडीत बसून खाऊ."

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, की मला त्या च्युइंगगमची लाज वाटली.

"चोरून? या वयात? खाईन तर माझ्या घरात, माझ्या ताटात खाईन. नाहीतर नाही."

त्यानंतर नदीकाठी मी काकांकडे कमी आणि काकूंकडे जास्त बघायला लागले. काका मासा पाण्याबाहेर काढत तेव्हा काकूंच्या हातातला चहाचा कप अर्ध्यावर थांबे. मासा चमके, वळवळे, आणि काका 'दर्शन' म्हणत तो सोडून देत. मग काकू कप तोंडाला लावत. हे आम्ही किती शनिवार बघितलं, देव जाणे. मला संताप यायचा. उपाशी माणसासमोर ताट नाचवून परत न्यावं, असं हे चाललं होतं, आणि ताट नाचवणाऱ्याला वाटत होतं आपण दया करतोय.

काठावर वॉल्टर नावाचा एक म्हातारा अमेरिकन यायचा. उलट्या बादलीवर बसून, गळाला चक्क गांडूळ लावून ट्राउट धरायचा आणि घरी नेऊन खायचा. काका त्याच्याकडे दारू पिणाऱ्या नातेवाइकाकडे बघावं तसं बघत. वॉल्टर मात्र दिलदार होता. दर वेळी एक मासा काकूंसमोर धरायचा.

"टेक वन होम, मॅम. बटर अँड लेमन, दॅट्स ऑल इट नीड्स."

काकूंनी तोंड उघडायच्या आत पाण्यातून काकांचा आवाज यायचा, "नो, थँक यू! वुई आर व्हेजिटेरियन!"

इथले मासे मूळचे या नदीतलेच आहेत, पूर्वजांच्या काळापासून याच पाण्यात आहेत, असं काका ग्रुपवर लिहीत. एकदा मी वॉल्टरला सहज विचारलं. तो हसायलाच लागला. "दे कम इन अ ट्रक, हनी." वसंतात सरकारी मत्स्यकेंद्राचा ट्रक पुलापाशी येतो आणि बादल्याच्या बादल्या ट्राउट नदीत ओततो. मी हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "ट्रकने आला तरी नदीत पडला की तो नदीचाच." काकूंनी मात्र ते नीट ऐकून ठेवलं होतं.

आणि मग तो शनिवार आला. ऊन पडलं होतं, पाण्यावर खऱ्या माश्याही उडत होत्या. काकांनी पैठणीच्या जरीची माशी बांधली, दोरी झुलवली, ती कधी नव्हे ती झाडात न अडकता थेट पुलाच्या सावलीत जाऊन पडली, आणि काठी धनुष्यासारखी वाकली. बऱ्याच ओढाताणीनंतर जाळीत जो आला, तो त्यांच्या भिंतीवरच्या फोटोतल्या माशाचा आजोबा शोभला असता.

"फोन! फोन काढ!" काका ओरडले. "फोटो नको, व्हिडिओ कॉल! मंडळाच्या ग्रुपला लाव! ईडन प्रेरीलाही घे!"

ईडन प्रेरी या गावी त्यांचा मुलगा राहतो. मी फोन धरला. पडद्यावर एकेक चौकोन उघडत गेला, कोणी दात घासत होतं, कोणी पोहे खात होतं. काकांनी मासा वर धरला.

"काका, आवाज येत नाहीये."

"जरा उजेडात या."

"वर धरा, वर! तोंड दिसत नाही!"

काकांनी मासा आणखी वर धरला.

"अहो माशाचं नाही, तुमचं!"

मग नेटवर्क गेलं. परत लावलं. मग मंडळातल्या एका बाईंनी कोणती माशी वापरली ते विचारलं आणि काका जर कशी निवडावी यावर बोलायला लागले. मासा हातातच होता. त्याचे कल्ले एकदा उघडले, मिटले, आणि मग उघडलेच नाहीत.

"बाबा," ईडन प्रेरीचा चौकोन म्हणाला, "इट्स नॉट मूव्हिंग."

"ध्यानस्थ आहे," काका म्हणाले.

"बाबा, आय थिंक इट्स डेड."

मी फोन बंद केला. काका गुडघ्यांवर बसले, मासा पाण्यात धरून मागे-पुढे हलवायला लागले. कल्ल्यात पाणी गेलं की तो सावध होतो, असं त्यांनीच मला शिकवलं होतं. ते हलवत राहिले. हात सोडला की मासा उलटा होई, पांढरं पोट वर. पुन्हा सरळ करत. "अरे, चल. चल ना. जा," असं पुटपुटत होते. त्यांचे डोळे भरून आले होते. खरं सांगते, मला त्यांची दया आली. पण फार नाही.

शेवटी ते उभे राहिले. "वाहू दे त्याला. नदीचा होता, नदीला जाऊ दे."

"थांबा," काकू म्हणाल्या.

त्यांनी शाल खुर्चीवर ठेवली, सलवार गुडघ्यापर्यंत धरली आणि पायातल्या बुटांसकट त्या बर्फासारख्या पाण्यात उतरल्या. काकांच्या हातातून मासा घेतला. माझी आई घेते तसा, कल्ल्यात दोन बोटं घालून.

"अगं, काय करतेस?"

"घरी नेते."

"घरी? पुरायला?"

"मग तेराव्याचं जेवणही घाला." काकूंनी मासा वळवून त्याचा डोळा बघितला. "अन्न आहे हे. आमच्यात अन्न टाकत नाहीत."

त्या 'आमच्यात' काका नव्हते. हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते वळून दोरी गुंडाळायला लागले. बादलीवरून वॉल्टरने टोपी काढली. "अबाउट टाइम, मॅम," म्हणाला.

मी गाडी घराकडे वळवली. मासा काकूंच्या मांडीवर, शालीत. घरी आल्यावर काकूंनी नारळ खवायची विळी काढली, घरामागच्या लाकडी डेकवर पेपर पसरला आणि बसल्या.

"अगं, ती मोदकांची विळी आहे!" काका दारातून म्हणाले. "नैवेद्याची!"

"ती माझ्या आईची विळी आहे. हिच्यावर आधी काय कापलं जायचं ते तुम्हाला सांगू?"

काका गॅरेजमध्ये गेले. मी तळघरात पळत गेले आणि फ्रीजच्या तळाशी लपवलेली कोकमाच्या आगळाची बाटली वर आणली. काकूंनी ती बघितली, हसल्या नाहीत, नुसता हात पुढे केला. हळद, तिखट, मीठ, आगळ, तांदळाचं पीठ. त्यांचा हात कुठेही अडखळला नाही. तव्यावर पहिला तुकडा पडला आणि त्या घरात, देव्हाऱ्यासकट सगळीकडे, माझ्या घरचा वास भरला. मला रडू आलं. काकूंना नाही आलं, त्यांचं लक्ष तव्याकडे होतं.

जेवायला आम्ही दोघी टेबलाशी बसलो. थोड्या वेळाने काका आले. अंगातलं जाकीट तसंच. स्वतःच दहीभात कालवून घेतला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले. काकूंनी पहिला घास घेतला, सावकाश चावला. काकांचा चमचा थांबला होता. इतकी वर्षं ते काकूंच्या थांबलेल्या कपाकडे न बघता मासे धरत आले होते, आणि आता तेच टक लावून बघत होते.

"कसा आहे?" शेवटी त्यांनी विचारलं. आवाजात, विश्वास ठेवा, अभिमान होता.

काकूंनी दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. काटा बाजूला काढून ठेवला.

"अळणी," म्हणाल्या.

"काय?"

"मीठ लावून ठेवला होता तरी आत काही नाही. कापूस. ट्रकातून आलेला मासा, त्याला चव कुठून यायची?"

काका उभेच राहिले. मासा मेला तेव्हा बसला नव्हता एवढा धक्का त्यांना आत्ता बसला होता. "ट्राउट आहे तो! जगभरातून लोक येतात यासाठी! तुला ट्राउट कळत नाही!"

"तुम्ही खाल्लाय कधी?"

काका हळूच खाली बसले. दहीभाताचा एक चमचा तोंडात गेला.

काकूंनी मात्र तो अळणी मासा डोक्यासकट संपवला. काटे ताटाच्या कडेला असे चोख लागले होते, की मांजराला देण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग हात धुतले, पदर नव्हता म्हणून ओढणीला पुसले आणि काकांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"एवढ्यासाठी मला इतकी वर्षं थंडीत बसवलंत? पुढच्या शनिवारी समुद्रावर जायचं. मी सांगेन तो मासा धरायचा. आणि सोडायचा नाही."

त्यानंतर काही महिन्यांतच माझी नोकरी बदलली आणि मी दूर कॅरी नावाच्या गावी आले. इथे माझं स्वतःचं स्वयंपाकघर आहे, त्यात मला हवं ते शिजतं. पार्सिपनीच्या मंडळाच्या ग्रुपमधून मात्र मी बाहेर पडले नाही, आणि ते बरंच झालं. मागच्या रविवारी तिथे एक फोटो आला. समुद्राच्या लाटा, रबरी विजारीत काका, हातात काळ्या पट्ट्यांचा जाडजूड चांदीसारखा मासा. मागे खुर्चीत काकू, हातात चहा नाही, झाकण उघडलेली बर्फाची पेटी. फोटोखाली काकांची नेहमीची ओळ होती: 'दर्शन घेतलं, सोडलं.'

खाली नमस्काराच्या हातांची रांग लागली होती. कोणी 'धन्य', कोणी 'हीच खरी अहिंसा'. आणि सगळ्यांत शेवटी काकूंचा निरोप, त्या ग्रुपवर मी पाहिलेला पहिला:

'खोटं आहे. फ्रीजमध्ये आहे.'